पोटमाळा उतरवताना

गिरगावातल्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची आणि माणसं सात. तरी वस्तू टाकून द्यायची वेळ क्वचितच यायची, कारण डोक्यावर पोटमाळा होता. शिडी लावून चढायचं, आढ्याला डोकं आपटणार नाही अशा बेताने रांगत पुढे सरकायचं. तिथे पाळण्याच्या दांड्या असत, गौरीचे मुखवटे ठेवलेली पत्र्याची ट्रंक असे, कल्हई उडालेली पितळी पातेली, बिनकाचेचा कंदील, आणि गोणपाटात गुंडाळलेला मर्फीचा रेडिओ. हा रेडिओ बोलता होता तेव्हा पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरावं लागे. ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तकही त्याच्याच पोटाशी ठेवलेलं. "एक व्हॉल्व्ह मिळाला की लागेल," असं वडील म्हणायचे. सुट्या भागांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड तर पायी जाण्याइतका जवळ. व्हॉल्व्ह कधी आला नाही, पण त्या एका वाक्याच्या भरवशावर रेडिओने माळ्यावर कित्येक वर्षं काढली.

घरातून वस्तू जायची ती अशी एकदम नाही, पायरीपायरीने जायची. नऊवारीची गोधडी व्हायची, गोधडीचं पायपुसणं, आणि पायपुसण्याच्या चिंध्या स्टोव्ह पुसायला. वर्तमानपत्र आधी वाचायचं, मग फळीवर अंथरायचं, मग रद्दीवाल्याच्या तराजूत. दुधाच्या पिशव्यांचं तर शास्त्रच होतं. कोपरा कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. नाहीतर तो टिचभर तुकडा मोरीत जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी आतून-बाहेरून धुवायची, मोरीच्या लादीवर चापून चिकटवायची, आणि वाळली की आपोआप सुटून खाली पडायची. महिन्याच्या शेवटी त्यांचा गठ्ठा वजनावर जाई. पर्यावरण हा शब्द आजीने आयुष्यात उच्चारला नसेल; पैसा वाया जाऊ नये एवढंच तिला कळत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दुपारी गॅलरीत बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. बहुतेकजणी देवीपूजक समाजातल्या. जिन्याच्या तोंडाशी बसून ती साडी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरायची. विरलेली जागा तिला आपल्याआधी दिसायची. "आणखी एक पँट टाका, आई, मग पातेलं देते." आई पँट आणायची, पण मागे धरून ठेवायची. मग झाकण मागायची. तासभर चाललेल्या त्या घासाघिशीत दोघींनाही घाई नसे, आणि शेवटी पातेलं झाकणासकट घरात यायचं. त्या साड्या धुऊन, रफू करून, इस्त्री मारून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जायच्या. मुंबईतली कितीतरी गरीब घरं या बायकांच्या गाठोड्यातून अंग झाकत आली आहेत.

या सगळ्या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो टीव्हीने. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, रंग आले १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमाराला. आमच्या मजल्यावरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, लाकडी शटरचा, चार पायांचा, रंगीत आल्यावर माळ्यावर चढेना. शिडीवरून तो नेणार कोण? भंगारवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढून स्क्रू, पट्ट्या, जाळी तपासली. चिकटलं ते लोखंड, म्हणजे स्वस्त. न चिकटलं ते त्याच्या कामाचं. "पिक्चर ट्यूब का कुछ नहीं आता, सिर्फ तांबे का." हातगाडी वाडीच्या तोंडाशी लावून त्याने मागचं झाकण उघडलं आणि ट्यूबची मान हातोडीच्या एका हलक्या टोल्याने उडवली. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज झाला. मानेवरचं तांब्याच्या तारांचं कडं त्याने उपसून पिशवीत टाकलं, आणि काचेचा तो मोठा घुमट गटाराच्या कडेला ठेवून दिला. आम्ही पोरं त्यात डोकावून पाहत होतो. त्या काचेत क्ष-किरण अडवायला मिसळलेलं शिसं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. भंगारवाल्यालाही नाही.

पातेलं आणि टीव्ही यांत फरक आहे तो इथे. पितळ वितळवलं की पुन्हा पितळच होतं. टीव्ही, संगणक, मोबाइल यांत मात्र सोनं आणि विष शेजारी शेजारी बसवलेलं असतं, आणि सोन्यापर्यंत जायची स्वस्त वाट विषातून जाते. तांबं मोकळं करायला वायरी जाळतात. वरचं पीव्हीसी जळताना डायॉक्सिन सुटतं. सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद हे पितळेच्या भांड्यांचं गाव. देशभरातले बोर्ड तिथे जात राहिले, भट्ट्यांत जळत राहिले, आणि राख रामगंगेच्या काठी साचत गेली. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला. त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणात गेल्याची नोंद आहे. उरलेला कुठे गेला याचं बरंचसं उत्तर अशा नदीकाठांवर सापडतं.

मुंबईला आपला कचरा नजरेआड करायची सवय जुनी आहे. कुर्ल्याहून चेंबूरला जाणारा रेल्वेमार्ग १९०६ साली टाकला तो मुळात शहराचा कचरा वाहायला. प्रवासी त्यावरून जाऊ लागले १९२४ साली. देवनारचं डंपिंग १९२७पासूनचं. गिरगाव-दादरकरांना देवनार आठवतं ते धूर आला की. जानेवारी २०१६मध्ये तिथे आग लागली आणि तिचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले, तेव्हा सगळं शहर चार दिवस त्यावर बोललं. मग पुन्हा शांत.

भंगाराचा सर्वांत मोठा ढीग मात्र लालबाग-परळने पाहिला. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक थंड पडल्या, आणि पुढे जमिनींना भाव आला तेव्हा माग, चात्या, बॉयलर सगळं टनावर गेलं. माझे मामा गिरणीत वायरमन होते. संपानंतर त्यांनी चाळीच्या जिन्याखाली बाकडं टाकलं: पंख्यांचं वाइंडिंग, इस्त्रीची कॉइल, मिक्सरचे ब्रश. राळेचा वास आणि कथिलाचे थेंब. लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गाळ्यांत आजही एका मेलेल्या बोर्डावरचा आयसी हीटगनने उचलून दुसऱ्या बोर्डावर बसवणारी मुलं आहेत. मला ती मामांच्याच गोतातली वाटतात. दुरुस्ती हाच पुनर्वापराचा सर्वांत स्वच्छ प्रकार, आणि आपण तो सर्वांत स्वस्त समजतो. नव्या मिक्सरच्या निम्मे पैसे दुरुस्तीला सांगितले की आपल्याला लूट वाटते.

कचऱ्यातून वेचणाऱ्यांकडे कारागीर म्हणून पाहणारे थोडे. 'मुलगी झाली हो' या नाटकाने घराघरात पोचलेली स्त्री मुक्ती संघटना १९९८पासून 'परिसर विकास'मधून कचरावेचक बायकांना संघटित करत आली. प्लास्टिक नखाने दाबून, आवाज ऐकून प्रकार ओळखणाऱ्या या बायका. सुका कचरा त्यांच्यापर्यंत ओल्यात कालवून पोचला नाही, तर त्या त्याचं सोनं करतात.

आता चाळी उतरतायत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या: १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. ना. म. जोशी मार्गावर, नायगावला काम चालू आहे. गिरगावात तर वाड्यांची नावंच फक्त उरतील अशी लक्षणं. लोकांना संडास घरात मिळाला, लिफ्ट मिळाली. मला त्याचा आनंदच आहे, चाळीच्या आठवणींनी गळे काढणाऱ्यांनी आधी तिथल्या रांगेत उभं राहून पाहावं. पण नव्या इमारतीत पोटमाळा नाही, त्याच्या जागी टीव्हीखालचा खण आहे, त्यात चार मेलेले फोन, गुंतलेले चार्जर, फुगलेली बॅटरी. आणि खाली वॉचमन भंगारवाल्याला फाटकातूनच परत पाठवतो.

सरकारी नियमांतही त्याला फाटक बंदच आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणी चौघांची: निर्माता, उत्पादक, दुरुस्त करून विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा. दारोदार फिरून माल गोळा करणारा त्यात नाही. खरं गोळा करणं मात्र तोच करतो. त्याला अख्ख्या टीव्हीचे पैसे फोडलेल्या टीव्हीपेक्षा जास्त मिळाले, तर हातोडी त्याच्या पिशवीतच राहील. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. खण उघडा. बिघडलेलं आधी दुरुस्तीला दाखवा. जे उरेल ते सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका आणि फोडू तर मुळीच नका. नवीन घेताना दुकानदाराला जुनं परत घेणार का ते विचारा, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या पुनर्चक्रणवाल्याकडेच ते जाईल याची खात्री करा, पावती मागा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढा एक ठराव मांडा, की महिन्यातून एक रविवार भंगारवाल्याला फाटक उघडं राहील, आणि त्याच्याकडून त्या नोंदलेल्या माणसापर्यंत माल अख्खा पोचवायचा खर्च सोसायटी देईल.