पायऱ्यांखालचा मेन

होळी झाली की नागपूरच्या धरमपेठेत घरोघरी कूलर बाहेर निघतात. टाकी घासून होते, वाळ्याच्या ताट्या बदलतात, पंप पाण्यात टाकून पाहिला जातो. ज्या मेन बोर्डावर तो कूलर पुढचे तीन-चार महिने रात्रंदिवस चालणार, तो मात्र कुणी उघडून बघत नाही. मी वायरमन आहे. या दिवसांत मला बोलावणं येतं ते कूलरसाठीच, पण मी आधी मेन कुठे आहे ते विचारतो.

गोकुळपेठ मार्केटच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बैठ्या घरात आजी एकट्या राहतात. त्यांचं म्हणणं होतं, "बेटा, कूलर लावला का ट्यूबलाइट लपलप करून राहिली." मेन होता गच्चीच्या पायऱ्यांखाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे. सागवानी फळीवर मीटर, त्याआधीचा कटआउट आणि बाजूला लोखंडी पेटीचा जुना मेन स्विच, उजवीकडे दांडीवाला. कटआउट आणि मीटरचं सील महावितरणचं. तिथे आपण हात घालायचा नाही. मेन स्विचपासून पुढचं सगळं घरमालकाचं.

आधी टेस्टर, मग हात, हा माझा नेम. पेटीला टेस्टर लावून पाहिला, मग हाताची मागची बाजू टेकवली. कूलर चालू होता आणि पेटी कोमट लागली. लोखंड तापतंय म्हणजे आत कुठेतरी जोड सैल आहे.

दांडी खाली ओढली तर ती जागची हलेना. कित्येक वर्षांत कुणी ओढलीच नव्हती. मेन स्विच अडीनडीला एका झटक्यात पडला पाहिजे, नाहीतर तो असून नसल्यासारखा. जोर लावून पाडली आणि झाकण उघडलं. दांडी खाली असली तरी वरच्या टोकाला वीज असतेच, म्हणून तिकडे बोट नेत नाही. खाली दोन किटकॅट, म्हणजे चिनीमातीचे फ्यूज होते, एक फेजचा, एक न्यूट्रलचा. न्यूट्रलच्या किटकॅटची चिनीमाती काळवंडली होती, तांब्याची पट्टी निळसर पडली होती. लपलप तिथूनच येत होती. त्याच्यात बारीक फ्यूजतार बरोबर होती, आणि फेजच्या किटकॅटमध्ये कुणीतरी फ्लेक्स वायरचे धागे पिळून जाडजूड गुंडाळी घातली होती.

याचा अर्थ नीट समजून घ्या. लोड वाढला की आधी बारीक तार वितळणार, म्हणजे न्यूट्रल तुटणार. घर अंधारात जाणार, पंखा थांबणार, पण फेज घरभर तशीच जिवंत राहणार. टेस्टर लावाल तर प्लगच्या दोन्ही भोकांत दिवा लागेल. न्यूट्रलमध्ये फ्यूज ठेवू नये हे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच होतं, तरी जुन्या घरांत असे जोडकिटकॅट अजून सापडतात.

हे सांगत असताना आजी सहज म्हणाल्या, "मी तर लाइट गेली की कूलरमध्ये पाणी भरून घेते. तेव्हा करंटची भीती नाही ना."

मी हातातलं काम ठेवलं आणि त्यांना म्हटलं, "आजी, आजपासून लाइट असो नसो, आधी पिन काढायची, मग पाणी." महावितरण दर उन्हाळ्यात हेच सांगतं. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात येतातच. ओली फरशी, लोखंडी स्टँड आणि टाकीत हात.

मग अर्थिंग पाहिलं. कूलरच्या सॉकेटची हिरवी वायर मागे मागे शोधत गेलो तर ती मोरीतल्या नळाच्या पाइपाला गुंडाळलेली. पूर्वी तो लोखंडी पाइप जमिनीत जात होता. नळाचं काम नव्याने केलं तेव्हा प्लास्टिकचा आला, आणि वायर तशीच लटकत राहिली. मेन पुन्हा वर करून फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प धरला, लागला नाही.

महावितरणच्या लाइनमनने कटआउट काढून दिल्यावर लोखंडी पेटी उतरवली. न्यूट्रलला फ्यूज नाही, सरळ लिंक. फेजवर वेगवेगळे एमसीबी: दिव्यांना 6 अँपिअरचा, गीझरला 16 चा. सगळ्यांच्या आधी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. 100 वॅटचा बल्ब 400 मिलीअँपिअरच्या वर घेतो. तेवढा करंट माणसाच्या अंगातून गेला तरी एमसीबीला पत्ता लागत नाही. ते काम आरसीसीबीचं. अंगणात नळाजवळ खड्डा खणून अर्थिंगचा पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ. आपली काळी माती वैशाखात भेगाळते, म्हणून त्यात पाणी घालत राहायचं, हेही आजींना सांगितलं.

त्यांच्याच हातून आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून घेतलं. खटका पडला, तशा दचकल्या, मग पुन्हा स्वतः वर केला. महिन्यातून एकदा दाबा म्हटलं तर म्हणाल्या, "एकादशीला दाबत जाईन, लक्षात राहते."

मेगरवर स्वयंपाकघराच्या लाइनचं इन्सुलेशन कमी दाखवतं आहे. भिंतीतली वायर जुनी ॲल्युमिनियमची आहे, ती बदलावी लागेल. पुण्याहून मुलगा आला की ठरवू म्हणाल्या. तोवर त्या लाइनचा एमसीबी खाली पाडून त्यावर टेप लावली आहे, आणि फ्रिज बैठकीतल्या सॉकेटवर हलवला आहे.