चुंबळ

मालेगाव, जि. वाशिम
२३ नोव्हेंबर २०२५

चि. सोनीस,


फोनच केला असता. पण तुमच्याकडे हल्ली फोन आला की तो स्पीकरवर टाकायची पद्धत झाली आहे. मला जे बोलायचं आहे ते बैठकीत बसलेल्या तुझ्या काकांपुढे बोलण्यासारखं नाही. त्यापेक्षा कागद बरा. रात्री पाजायला उठशील तेव्हा वाच.

बारशाला तुला पाटावर बसवलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे होतं, माझं तुझ्याकडे. तू डाव्या अंगावर कललेली होतीस, एक हात जमिनीला टेकलेला. ओटी घ्यायला पुढे वाकलीस तेव्हा खालचा ओठ दाताखाली धरलास. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "नार्मल झाली ना व, मंग कायची काळजी? चार दिसांत उठून कामाले लागते." तू हसलीस. ते बसणं आणि ते हसणं, दोन्ही माझ्या ओळखीचं आहे. घरी आल्यावरही ते डोळ्यांपुढून हलेना, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे बाळंतिणीला एकच प्रश्न विचारतात : नॉर्मल का सिझर? सिझर म्हटलं की बाया हळहळतात, "पोट फाडलं बिचारीचं" म्हणतात आणि तिला उठू देत नाहीत. नॉर्मल म्हटलं की "सुटली बाई, मोकळी झाली" म्हणून विषय मिटतो. तुझं यातलं काहीच नव्हतं. दीड दिवस कळा दिल्यावर तुझ्यात जोर उरला नाही, बाळाचे ठोके मंदावले आणि डॉक्टरांनी व्हॅक्युम लावला. खालून छेद घेतला, टाके घातले. पण या बाळंतपणाला आपल्या बोलण्यात नावच नाही, म्हणून ते "नॉर्मल"मध्ये ढकललं गेलं. आणि नॉर्मलवालीला कुठं दुखायचं असतं?

बायांनाच बोल लावत नाही. सरकारी कागदांवरही तेच. २०११ पासून जो जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला फुकट जेवण मिळतं : नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. २०१९-२१ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घे. महाराष्ट्रात शंभरातली २५ बाळंतपणं सिझरची, असं त्यात कळतं. जिल्ह्याजिल्ह्याच्या पत्रकात सिझरचा रकाना आहे. व्हॅक्युमचा किंवा चिमट्यांचा (फोर्सेप्सचा) नाही. ज्याला रकाना नाही त्याची विचारपूस कोण करणार?

आता माझं सांगते. तुझ्या आईलाही हे पुरतं माहीत नाही.

साल १९९९, श्रावण. आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, पण अडलेल्या बाईची वाट अजून अकोल्याचीच होती. इथून पुढे पाठवलं तेव्हा रात्रीचे दहा वाजले असतील. कमांडर जीप, मागच्या सीटवर मी, डोकं तुझ्या आजीच्या मांडीवर. मेडशी गेलं, पातूरचा घाट लागला. प्रत्येक वळणावर कळ येई आणि आजी माझ्या कपाळावर हात दाबून धरी. तिकडच्या एका दवाखान्यात पहाटे चिमटे लावून तुझ्या दादाला काढलं. काय करताहेत ते कुणी सांगितलं नाही. लोखंड वाजल्याचा आवाज ऐकला, एवढंच. त्याच्या दोन्ही गालांवर लाल वळ होते. चार दिवसांत गेले. माझं मात्र कुणी काही पाहिलं नाही. "टाके आपोआप विरघळतील" एवढं सांगून घरी पाठवलं.

घरी रीतसर बाळंतपण झालं. बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, डिंकाचे लाडू. पाणी मात्र मोजून, कारण पोट सुटतं म्हणे. पाणी नाही म्हणून शौचाला खडा, खडा म्हणून जोर, जोर केला की टाक्यांत सुरी फिरावी तशी कळ. धुरीची ऊब त्याच ओल्या जखमेवर. दहाव्या दिवशी वास यायला लागला, ताप भरला. मी चादर गच्च धरून पडून राहायची. कुणाला सांगणार, आणि कोणत्या शब्दांत? त्या जागेला आपल्या भाषेत एक तर शिवी आहे नाहीतर खाणाखुणा. मी म्हणायची, "खाली दुखतं." सगळे म्हणत, "दुखतंच."

जखम पुढे भरली. पण खोकला, शिंक, हसू आलं की लुगडं ओलं व्हायचं ते सुरूच राहिलं. तिसरीच्या वर्गात कविता म्हणताना मुलं उड्या मारायची, मी खुर्ची सोडायची नाही. मुलांना वाटे, बाई कडक आहेत.

तुला घाबरवायला हे लिहीत नाही. हे सगळं टळण्यासारखं होतं, हे मला फार उशिरा कळलं, म्हणून लिहिते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तू परवा हळूच म्हणालीस, "मावशी, मला जमलंच नाही, ओढून काढावं लागलं." असं नसतं ग. तो कप बाळाच्या डोक्यावर बसवतात, आतली हवा ओढून घट्ट करतात; मग कळ येईल तेव्हा बाईनं जोर करायचा आणि त्याच वेळी डॉक्टरांनी ओढायचं. तू जोर केला नसतास तर नुसत्या ओढण्यानं काम होत नाही. माल्मस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश डॉक्टरानं १९५०च्या दशकात हा कप रुळवला. चिमटे त्याहून फार जुने. इंग्लंडात चेंबरलेन नावाच्या घराण्यानं ते शंभरावर वर्षं गुपित ठेवले होते. अडलेल्या बाया त्यांच्याकडेच याव्यात म्हणून हत्यार कुणाला दिसू देत नसत. १८१३ मध्ये त्यांच्या जुन्या घराच्या फरशीखाली ते सापडले. हत्यारं तरी बाहेर आली. त्यानंतरचं बाईचं दुखणं अजून फरशीखालीच आहे.

आपल्याच विदर्भातलं एक काम तुला माहीत असावं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये छापून आला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ. पुढे १९९५-९६ मध्ये त्यांच्या संस्थेनं गावोगावच्या ७७२ बायकांची बाळंतपणं आणि नंतरचे दिवस नोंदवले, बहुतेक घरीच झालेली. कळांच्या वेळी त्रास झाला शंभरात सुमारे १८ जणींना. बाळंतपणानंतरच्या दिवसांत ४३ जणींना. आपण "मोकळी झाली" म्हणून पाठ फिरवतो, आणि खरा त्रास सुरू होतो तो त्यानंतर. हे आकडे वाचले तेव्हा मला रडू आलं. वाटलं, मी त्या त्रेचाळिसांतली एक.

आता कामाचं. हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तुला पंचविसाव्या दिवशी समजावं.

टाके म्हणजे जखम, तिला जखमेसारखंच वागव. लघवी-शौचानंतर स्वच्छ पाण्यानं पुढून मागे धुवायचं, मऊ कापडानं टिपून कोरडं करायचं. हळद, तेल, लेप काही नाही. धुरी आणि शेगडी अजिबात नाही. धूर तुलाही नको आणि बाळाच्या छातीलाही नको. टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं बसलीस तर बरं वाटेल. पाणी भरपूर पी, कोण काय म्हणतं ते ऐकू नको. दूध पाण्याशिवाय कुठून येणार? अळीव, मेथी, डिंक खुशाल खा, पण सोबत भाजी-फळं हवीत, शौचाला खडा होता कामा नये. बसून पाजताना दुखतं ना, मग कुशीवर निजून पाज.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या २७ दवाखान्यांचा एक अभ्यास छापून आला. व्हॅक्युम-चिमट्यांच्या बाळंतपणानंतर जंतुनाशकाचा एकच डोस वेळेत दिला तर जखम चिघळण्याचं प्रमाण शंभरात १९वरून ११वर येतं, असं त्यात दिसलं. तुला तो दिला होता का, हे डिस्चार्ज कार्डावर पाहा. आणि कार्डावर "व्हॅक्युम" असं लिहिलंय का, फाटलं होतं तर किती, तेही पाहा. फाटण्याच्या चार पायऱ्या असतात. तिसरी-चौथी शौचाच्या वाटेपर्यंत जाते. हवा किंवा शौच आवरत नसेल तर लाजून बसू नको, लगेच दाखव. ताप, घाण वास, पू, तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, पोटरीला सूज आणि दुखणं, डोकं फुटेल असं दुखून अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही.

व्यायाम एक आहे, बसल्याबसल्या होतो. लघवी मध्येच थांबवताना जे आत आवळलं जातं ते आवळायचं, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. फार दुखत असेल तर हळूहळू सुरू कर. वीस वर्षांनी सुरू करूनही माझं निम्मं दुखणं गेलं. आता मी वर्गात उभी राहून शिकवते.

बाळाच्या डोक्यावरचं टेंगूळ तुझ्या आईला फार खुपतंय. कपानं आलेली वरवरची सूज एक-दोन दिवसांत उतरते. एका बाजूला गोळा राहिला असेल तर तो जिरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. डॉक्टरांना दाखवून ठेव. पण मालिशवाल्या बाईला "डोकं गोल करून देते" म्हणून दाबू देऊ नको, ती कितीही अनुभवी असो.

आणि मनाचं. रात्री डोळा लागला की तो मशीनचा आवाज ऐकू येतो, असं तू म्हणालीस. मला लोखंडाचा यायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं पुष्कळ जणींना होतं, जातंही. दोन आठवड्यांनंतरही जात नसेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, तर ते दुखणं समज. त्यालाही डॉक्टर आहेत. १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा नंबर. मराठीतही बोलता येतं, फोन स्पीकरवर ठेवावा लागत नाही.

आशाताई तुमच्याकडे येते. तिच्या फेऱ्या ठरलेल्या असतात : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. ती झोळीच्या काट्यानं बाळाला तोलते, अंग गरम आहे का पाहते आणि सगळे बाळाभोवती जमतात. अठ्ठाविसाव्याला ती आली की तू तिला आत बोलाव, दार लोटून घे आणि स्वतःचं सांग. आपला सव्वा महिना साधारण बेचाळिसाव्या दिवसाच्या अलीकडेच संपतो. म्हणजे जुन्या बायांचा हिशेब चुकीचा नव्हता, अंग भरून यायला तेवढे दिवस लागतात हे त्यांनी ओळखलं होतं. त्या दिवसांत विश्रांती द्यायची, एवढं मात्र आपण सिझरवालीपुरतं ठेवलं. सव्वा महिना झाला की जावईबापू न्यायला येतील. त्यांना सांग, आधी दवाखाना, मग पुणं. रविवार असेल तर बाळाला मी सांभाळते. माझी ताई, म्हणजे तुझी आई, सोबत आली तर तिलाही आत घेऊन जा. तिचंही काही असेल.

या पत्रासोबत एक पिशवी आहे. तीत चुंबळ आहे, नेहमीपेक्षा मोठी. तिची गोष्ट सांगते आणि थांबते.

१९९९च्या त्या दिवसांत एका दुपारी तुझी आजी माझ्या बाजेशी आली. तिनं जुन्या नऊवारीची जाडजूड चुंबळ शिवली होती. घागर डोक्यावर ठेवायला करतात तशीच, पण परातीएवढी. मला म्हणाली, "हे बुडाखाली घे. अन् कोनाले सांगू नको." बसले, आणि किती दिवसांनी धड बसता आलं. तेव्हा मला फक्त बरं वाटलं. पुष्कळ वर्षांनी डोक्यात आलं, मी तर तिला काहीच सांगितलं नव्हतं. मग कुठे दुखतं आणि तिथे काय लागतं, हे तिला कसं ठाऊक होतं? तिची सहा बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातची. विचारायचं राहून गेलं. आता ती नाही.

ही चुंबळ तिच्याच लुगड्याची आहे, मी नव्यानं भरली. फार वेळ बसू नको तिच्यावर, खायला-प्यायला बसशील तेवढंच. तुझं काम झालं की धुऊन, उन्हात वाळवून ठेव. तुझ्या जावेला दिवस गेलेत म्हणे. तिला देशील तेव्हा ही कशाची, कशासाठी, ते सगळं सांगून दे.

ताईला नमस्कार. बाळाच्या टाळूला हलक्या हातानं तेल.

तुझी,
मावशी