चित्रफीत अडते कोठें?

घरांतील मंगलकार्याची अथवा वडील मंडळींच्या बोलण्याची चित्रफीत यूट्यूबवर चढविणें आतां नित्याचें झालें आहे. ती अडली कीं मोबाइलला व नशिबाला सारखाच दोष दिला जातो. आमच्या मतें अडचण कोणत्या टप्प्यावर आहे हें आधीं पाहावें.

पहिला टप्पा फाईलचा. एमपी४ प्रकारची फाईल बहुधा बिनतक्रार चालते. मात्र फोन क्रमांकानें खात्याची पडताळणी झाली नसेल, तर १५ मिनिटांहून लांब चित्रफीत तेथें स्वीकारली जात नाहीं. दुसरा टप्पा वाटेचा. इंटरनेटवरून घरीं येण्याचा वेग मोठा असला तरी बाहेर जाण्याचा वेग पुष्कळदां कमी असतो. १ गीगाबाइटची फाईल सेकंदास २ मेगाबिट वेगानें धाडावयाची तर तासाहून अधिक वेळ लागणारच! घरांत सारीं मुलें चित्रपट पाहत असतां हें काम काढूं नये; निजानीज झाल्यावर काढावें. तिसरा टप्पा पलीकडचा. पोंचलेली चित्रफीत प्रथम अंधुक दिसते, सुस्पष्ट रूप मागाहून तयार होतें. तेव्हां घाईनें ती काढून पुन्हां चढवूं नये.

आमच्या घरीं आजींच्या ओव्यांची अशी एक फीत आहे. आज त्यांना तो स्वर लागत नाहीं. म्हणून आमचा वाचकांना आग्रह आहे कीं, चढविलेली फीत शेवटपर्यंत पाहिल्यावांचून मूळ प्रत पुसूं नये, आणि पाहिल्यावरही एक प्रत घरीं निराळी जपून ठेवावी.