मानाचा भात

आजरा तालुक्यातल्या खाचरांतला घनसाळ तांदूळ आखूड दाण्याचा, सुवासिक, शिजल्यावर मऊ. झाकण काढताच वास माजघरातून सोप्यापर्यंत यावा आणि कढत भातात आमटी मुरावी, ही त्याची खूण. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी त्याच्याच मुलखात पाहुण्याच्या पानात लांब दाण्याचा, पांढराशुभ्र, सुटासुटा भात वाढायची रीत पडली. आपण म्हणतो, लोकांची चव बदलली. मला वाटतं, जीभ मागाहून बदलते; आधी बदलतो तो मान. यावर शेतकरी खाचराकडे बोट दाखवील, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. घनसाळ उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी देतो. १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून इंद्रायणी ही भाताची जात आली, आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातली. थोडा वास राखून पोती भरणारी. ज्याचं पोट शेतीवर, त्यानं तिला जवळ केलं यात काहीच गैर नाही. पण उताऱ्याचा हिशेब खाचरात काय लावायचं तेवढंच सांगतो. पाहुण्यासाठी दुकानातून लांब दाणा का आणायचा, हे तो सांगत नाही. बरं, जे सहज मिळतं तेच आवडू लागतं म्हणावं, तर १९७२ च्या दुष्काळातला मिलो आठवावा. अमेरिकेहून आलेली ती तांबडी ज्वारी महाराष्ट्रानं रेशनवर घेतली, तिच्या भाकरीवर लेकरं जगवली. पण दिवस पालटल्यावर ती कुणी हौसेनं मागितली नाही. तिच्यावर लाचारीचा शिक्का होता. नाचणीचं नशीब याच्या उलट. डोंगरातल्या गरिबाचं धान्य म्हणून जिची भाकरी चारचौघांत काढायला संकोच वाटे, तीच आज शहरात पौष्टिक म्हणून जास्त पैसे देऊन घेतली जाते. २०२३ हे तर जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं. दाणा तोच, भाकरी तीच.

वयानं चव बदलते हेही खरं. उतारवयात वास कमी येतो, पूर्वीचं तिखट सोसत नाही, साखर वाढली की भातच कमी करावा लागतो. पण हे एकेका देहाचं झालं. अख्खा तालुका काही एका पिढीत म्हातारा होत नाही. मग ही नवी आवड खोटी का? तसंही नाही. लांब दाण्यावर वाढलेल्या पोराला घनसाळ गिचका लागतो तेव्हा ते खरंच बोलत असतं, आणि त्याला रागावून काही साधणार नाही. सणाच्या दिवशी, पाहुण्यांसमोर, अभिमानानं तो भात त्याच्या पानात पडू द्यावा. जीभ हळूहळू ओळख धरते. घाई आहे ती बियाण्याची. गेलेली आवड वीस वर्षांनीही परत येऊ शकेल, पण आजऱ्याच्या दमट हवेत कणगीतलं भाताचं बी फार पावसाळे भरवशानं टिकत नाही. त्याला दरसाल खाचरातच उतरावं लागतं.