नाशिकच्या लेण्यातील जमाखर्च

नाशिकला जाऊन आलो म्हटले की लोक विचारतात, रामकुंड पाहिले का, पंचवटीत गेलात का? गोदावरीकाठच्या या जुन्या शहरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु बौद्ध कुटुंबाने मुलाबाळांना घेऊन तिथे काय पाहावे, हे सहसा कोणी सांगत नाही. आमच्या धामणगाव बढेसारख्या गावाहून मार्ग सोपा आहे. एस.टी.ने मलकापूर गाठावे, तिथून रेल्वेने नाशिकरोड.

प्रथम काळाराम मंदिर. दर्शनासाठी नव्हे, त्याचे दरवाजे पाहण्यासाठी. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करून घेण्यात आले आणि आपले स्त्री-पुरुष दाराशी बसून राहिले. रामनवमीच्या दिवशी दगड खाल्ले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा वर्षानुवर्षे तगवून धरला. दार काही उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आज त्या दारातून कोणीही आत जातो. आमच्या सौभाग्यवती आत गेल्या नाहीत. "दार पाहिले, पुरे झाले," म्हणाल्या.

शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगर आहे. रिक्षावाल्याला 'पांडवलेणी' म्हटल्याशिवाय कळत नाही, याचे वाईट वाटते. पांडवांचा इथे काडीचा संबंध नाही. ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली आहेत. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दारावर धंभिक नावाच्या गावाने दान दिल्याचे कोरले आहे. राजाने नव्हे, गावाने! तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे. आमच्या भागाला अजिंठा जवळ, तिथली चित्रे आपण पाहतो. इथे मात्र वाचायचे.

मी कारकून माणूस, हिशोबावर माझा जीव. म्हणून दहाव्या लेण्यापुढे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले. (त्याने ब्राह्मणांनाही भरपूर दाने दिली, तेही नोंदवून ठेवले आहे.) सोबत ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. त्यांतील २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या रकमेतून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी.

आमची मुलगी अकरावीला कॉमर्सला आहे. तिला म्हटले, कर बघू हिशोब. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कार्षापणाचाही फरक नाही! पोर मोठ्याने हसली. आणि हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून नोंदवला, असेही लेखातच आहे.

हे वाचताना मला एका गावची बैठक आठवली. विहाराच्या वर्गणीची वही मागितली तर पदाधिकारी रागावले, "आमच्यावर विश्वास नाही का?" त्यानंतर मोलमजुरी करणाऱ्या बायांनी वर्गणी देणेच बंद केले. बिचाऱ्या भांडल्या नाहीत, नुसते देणे थांबवले. विहाराचा स्लॅब दोन वर्षे अडून राहिला. तो लेख मी वहीत मराठीत उतरवून घेतला आहे. येत्या वर्षावासाच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवणार आहे आणि त्यापाठोपाठ आमच्या विहाराचा जमाखर्चही.

जाणाऱ्यांसाठी एवढेच, की डोंगराला पायऱ्या पुष्कळ आहेत. म्हाताऱ्या माणसांना सकाळी उन्हाआधी न्यावे, पाणी सोबत असावे. पायथ्याशी बुद्धस्मारक आहे, तिथे भाकरी सोडून निवांत बसता येते.