कुठे, कोणत्या नावाने, कोणत्या रूपात

संगणकावर लिहिलेला मजकूर पहिल्यांदा जतन करू लागलो, की पडद्यावर ‘सेव्ह अ‍ॅज’ नावाची एक चौकट उघडते. मजकूर कुठे ठेवायचा, कोणत्या नावाने ठेवायचा आणि कोणत्या प्रकारात ठेवायचा, असे तीन प्रश्न ती विचारते. बहुतेक जण तिच्याकडे न पाहताच एंटर दाबतात. कारण तिन्ही उत्तरे तिने आधीच भरून ठेवलेली असतात. ती कुणाला डोळ्यांपुढे ठेवून भरली गेली आणि मराठीत लिहिणाऱ्याला ती कितपत मानवतात, हा विचार माझ्या मनात आला तो जात्यावरच्या ओव्या उतरवून घेताना.

माझी मावशी केज तालुक्यातल्या एका खेड्यात राहत असे. तिला शेकडो ओव्या पाठ होत्या. २००४ पासून दोन वर्षे मी जमेल तेव्हा तिच्याकडे जाऊन त्या वहीत उतरवून घेतल्या. पहिल्या तीन वह्या अंबाजोगाईतल्या एका डीटीपीच्या दुकानात टंकनासाठी दिल्या. सुबक छापील पाने आणि सोबत एक सीडी मिळाली. पुढे ते दुकान बंद झाले. काही वर्षांनी घरच्या संगणकावर सीडीतली फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर ओवी नव्हतीच. रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा नुसता सडा पडला होता.

यात गूढ काही नाही. त्या काळातल्या बहुतेक मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्याच जागांवर देवनागरी आकार बसवलेले असत. फाइलमध्ये ‘क’ साठवलाच जात नसे. साठवले जाई ते एखादे इंग्रजी अक्षर, आणि त्याला ‘क’चे रूप देण्याचे काम तो विशिष्ट फॉन्ट करी. फॉन्ट गेला की मराठीही गेली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत ठेवले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उकलेपर्यंत ते बाहेरच्यांना वाचता येत नव्हते, याची इथे आठवण होते. फरक एवढाच, की महानुभावांनी ते कुलूप समजून-उमजून घातले होते. आमच्या ओव्यांना ते कुणीच न ठरवता लागले.

युनिकोड आल्यावर हे संकट टळले असे वाटले होते. देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा होती आणि विंडोज २००० पासून संगणकावर थेट मराठी लिहिता येऊ लागली. पण सेव्हची चौकट जुनीच उत्तरे देत राहिली. नोटपॅडमध्ये मराठी मजकूर लिहून जतन करायला गेले, की ‘एन्कोडिंग’ या रकान्यात ‘एएनएसआय’ हाच पर्याय आधीपासून निवडलेला असे. त्या व्यवस्थेत देवनागरीला जागाच नव्हती. अक्षरे नष्ट होतील असा इशारा एक खिडकी देई खरी, पण ती इंग्रजीत. घाईने ‘ओके’ दाबले, की प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह येई. जुन्या फॉन्टातला मजकूर खटपट करून परत मिळवता तरी येतो. प्रश्नचिन्हांतून काहीच परत मिळत नाही. नोटपॅडने ‘यूटीएफ-८’ हा प्रकार आपण होऊन निवडायला २०१९ साल उजाडावे लागले.

अंबाजोगाईत राहणाऱ्याला अशा वेळी दासोपंतांची पासोडी आठवल्याखेरीज राहत नाही. दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हा ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिला. ती पासोडी आजही या गावात जपलेली आहे. आपले लेखन कोणत्या रूपात टिकावे याचा निर्णय त्यांनी स्वतः केला होता. आपल्या वाट्याला तेवढा मोठा निर्णय येत नाही. पण जो येतो तोही आपण परस्पर दुसऱ्यावर सोपवतो.

म्हणून उरलेल्या वह्यांचे टंकन घरी सुरू केले, तेव्हा आधी ती चौकट आपल्या कामाजोगी करून घ्यायचे ठरवले. विंडोज एक्सपीतल्या चौकटीच्या डाव्या अंगाला पाच जागांची एक पट्टी असे: अलीकडची कागदपत्रे, डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स, माय कॉम्प्युटर आणि नेटवर्क. ही एखाद्या कचेरीतल्या माणसाची पाच ठिकाणे होती. माझ्या घरात नेटवर्क कुठले असणार? रजिस्ट्रीत ‘प्लेस-झीरो’पासून ‘प्लेस-फोर’पर्यंतच्या पाच नोंदी केल्या, की त्या पट्टीवर आपल्याला हवे ते फोल्डर येत. मी तिथे ओव्यांचे फोल्डर, शब्दार्थांचे फोल्डर आणि दुसऱ्या प्रतीसाठीची डिस्क बसवली. वर्डच्या पर्यायांत जाऊन नवी फाइल आपोआप कुठे जावी हेही बदलले. पुढे एक्सपी मागे पडले. आता चौकटीच्या डाव्या बाजूला हवे ते फोल्डर अडकवून ठेवता येते आणि रजिस्ट्रीत हात घालावा लागत नाही. सोय वाढली, तरी ती वापरण्याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

नावाचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. वर्ड मजकुराची पहिली ओळ उचलून तेच फाइलचे नाव म्हणून सुचवतो. लेखाला किंवा पत्राला ते चालते. ओवीला शीर्षक नसते आणि अनेक ओव्यांचा आरंभ ठरीव शब्दांनीच होतो. त्यामुळे दहा फाइलींना एकच नाव सुचवले जाई. मग मी नावाची रीत ठरवली: आधी गाव, मग सांगणारीचे नाव, मग विषय आणि शेवटी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक शक, तिथी, गाव आणि आपले नाव लिहीत, ती हीच माहिती. ती नसली किंवा संदिग्ध असली तर काय होते, हे मुकुंदराजांच्या बाबतीत दिसते. ‘विवेकसिंधू’चा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ मानतात, पण मुकुंदराज आमच्या अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा वाद अजून मिटलेला नाही.

या साऱ्या खटाटोपाला कुणी तांत्रिक हौस म्हणेल. मला तो संपादनाचाच भाग वाटतो. पाठभेद नोंदवणे, शब्दार्थ देणे ही जशी संपादकाची कामे, तसेच मजकूर उद्या उघडेल अशा रूपात आणि सापडेल अशा जागी ठेवणे हेही त्याचेच काम. टंकन चालू असताना मावशी एकदा माझ्याकडे आली होती. पडद्याकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, “ह्यात ठिवलंस व्हय गं? अन् उंद्या कुणाला सापडंल का ते?” सापडेल, असे मी म्हणाले.

मावशी २०११ मध्ये गेली. सीडीतल्या तीन वह्यांपैकी दोन छापील पानांवरून पुन्हा टंकित करता आल्या. तिसरीची पानेही हरवली होती आणि वहीही. त्या ओव्या आता कुणालाच येत नाहीत. बाकीच्या सगळ्या फाइली मागच्या दिवाळीत मावसभावाच्या मुलीला दिल्या. तिने फोनवरच त्या उघडल्या, नावांवरून आपले गाव शोधले आणि आजीची एक ओवी मोठ्याने वाचली.