अंगण वांकडें

‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ही म्हण मीं लहानपणापासून ऐकत आलों होतों. परंतु ती कधीं आपणांसच लागू पडेल, असें वाटलें नव्हतें. गेल्या नाताळच्या सुमारास तिचा अर्थ मला चांगलाच कळला.

माझ्या वडिलांची पावाची भट्टी आहे. ती कितपत तापली, हें ते तिच्या तोंडाशीं हात धरून ओळखतात. अलीकडे वयोमानामुळें हा अंदाज चुकूं लागला आणि एकदोन घाणे करपले. म्हणून भट्टीची उष्णता आंकड्यांत दाखविणारें यंत्र करण्याचें मीं मनावर घेतलें. थर्मोकपलचा संकेत वाचण्यासाठीं मॅक्स ६६७५ ही चिप आणि सर्व कारभार पाहण्यासाठीं अॅटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर आणिला. ब्रेडबोर्डावर एकट्या मायक्रोकंट्रोलरमध्यें प्रोग्रॅम विनातक्रार उतरला. मग त्याच्यासाठीं सॉकेट बसवून, सर्व भाग बोर्डावर डाख देऊन पक्के केले. परंतु बोर्ड पुरा झाला आणि मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅमरला ओळखच देईना!

मीं क्रमानें तपासणी केली. विद्युद्दाब ५ व्होल्ट बरोबर होता. रीसेटची तार योग्य वेळीं खालीं येत होती. ही चिप नवी असतांना १ मेगाहर्ट्झ गतीनें चालते, व प्रोग्रॅमरचे ठोके त्याच्या चतुर्थांशाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी असावे लागतात. तेंहि करून पाहिलें. सर्व व्यर्थ! माझ्याच हातून चिप बिघडली असेल, असें समजून दुसरी आणिली, तीहि मुकीच. तेव्हां मात्र माझा धीर सुटला. दुकानदारानें बनावट माल दिला, असें ठरवून मी तडक दुकानीं गेलों आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्यांना नाहीं नाहीं तें बोललों.

ते वयस्क गृहस्थ रागावले नाहींत. त्यांनीं चिप सॉकेटांतून अलगद काढून आपल्या चाचणीच्या बोर्डावर बसविली. तत्काळ पडद्यावर तिची ओळख उमटली: १ई ९५ ०एफ. दुसरीहि तशीच बोलली. माझी मान खालीं गेली.

“काका, मग मी दर वेळीं चिप बाहेर काढूनच प्रोग्रॅम भरीन,” मी पुटपुटलों.

“तसें करशील तर एक दिवस तिचा पाय मोडेल,” ते म्हणाले. “ही एकटी असतां बोलते, आणि मंडळींत बसली कीं गप्प होते. तर तिच्या उत्तराच्या तारेवर आणखी कोण आहे, तें आधीं सांग, बाळ.”

त्या तारेवर मॅक्स ६६७५ होती. तिचा सांधा सोडवितांच मायक्रोकंट्रोलर बोलूं लागला! काकांनीं उलगडा केला तो असा: प्रोग्रॅम भरतांना मायक्रोकंट्रोलरला रीसेटमध्यें धरून ठेवितात; त्या वेळीं त्याचे पाय कोणतीहि तार धरीत नाहींत. एरव्हीं मॅक्स ६६७५च्या निवडीची तार उंच धरून तिला गप्प बसविणारा तोच. परंतु आतां तोच निद्रिस्त झाला. तार अधांतरीं राहिली. आपणांस बोलावणें आलें, असें त्या चिपेला वाटलें आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ती आपली उष्णतेची कहाणी सांगूं लागली. गुरुजी वर्गांत नसतां जें घडतें, तेंच येथें घडलें. दोघांच्या गलबल्यांत प्रोग्रॅमरला एकाचेंहि नीट ऐकूं येईना.

उपाय अगदीं साधा निघाला. निवडीची तार व ५ व्होल्ट यांमध्यें १० किलोओहमचा एक रोधक जोडला. आतां मायक्रोकंट्रोलर झोपला तरी ती तार उंचच राहते, व मॅक्स ६६७५ मौन पाळते.

नाताळच्या आदल्या रात्रीं यंत्रानें २२० अंश दाखविले. वडिलांनीं संवयीनें भट्टीच्या तोंडाशीं हात धरला, आंकडा पाहिला आणि हंसून पाव आंत सरकविले. एकहि करपला नाहीं.

दुसरे दिवशीं त्या घाण्यांतील पाव घेऊन मी काकांकडे गेलों. दुकानांत गर्दी होती. क्षणभर पाऊल अडखळलें. परंतु अपमान चारचौघांत केला, तर क्षमाहि चारचौघांतच मागितली पाहिजे. ती मीं मागितली. काकांनीं पाव मोडून अर्धा मलाच दिला.

तेव्हांपासून कांहीं बिघडलें कीं, दुसऱ्याला दोष देण्यापूर्वीं मी आपलाच बोर्ड पुन्हां एकदां पाहतों. अंगण बहुधा सरळच असतें.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी